पाचच्या आत

ताई आंघोळीला गेली आणि दाराच्या फटीतून एक पाकीट आत सरकलं.

छोटीने ते उचललं. वर ताईचं नाव, कोपऱ्यात विभागाची मोहोर आणि मधोमध लाल शाईचा ठसा: ‘आज सायंकाळी पाचच्या आत समक्ष हजर राहावे.’ जुन्या कागदांची डागडुजी शिकवणारा विभाग तो. तिथले सर फोनला हात लावत नसत. जे काय असेल ते कागदावर.

दोघी सख्ख्या बहिणी नव्हेत. परदेशात शिकायला आल्या आणि एका खोलीत पडल्या, इतकंच. एक चार महिन्यांनी मोठी म्हणून ताई आणि दुसरी मग आपोआप छोटी. आता दोन वर्षं संपली होती. परवाचं विमान होतं. पण एका मुलीला सर प्रयोगशाळेत नोकरीवर ठेवून घेणार होते. यादीत पहिली ताई, दुसरी छोटी. पहिली वेळेत आली नाही तर जागा दुसरीला, असंच आजवर चालत आलेलं.

वाफेवर धरून पाकीट अलगद उघडणं हा छोटीच्या डाव्या हातचा मळ होता. पण उघडायचं कशाला? आत काय असणार ते शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं. तिने पाकिटाचे तुकडे केले आणि कचऱ्याच्या डब्यात, चहाच्या चोथ्याखाली दाबले.

हे बरं नाही, हे तिला कळत होतं. पण घरी काकूने स्वतःच्या भाच्याशी तिचं लग्न ठरवून ठेवलं होतं. त्याची पहिली बायको मार खाऊन खाऊन शेवटी पळून गेली होती. काकूच्या लेखी तो तरीही गुणाचा पुतळा. आईबाप गेल्यापासून काकांच्या दारात वाढलेल्या पोरीला नाही म्हणायची सोय नव्हती. ताईचं तसं नव्हतं. तिचे आईबाप तिच्या वाटेकडे डोळे लावून बसले होते. ती परत गेली तर तिचं काय अडणार होतं?

ताई केस पुसत बाहेर आली. “टपाल आलं का गं काही?”

“छे. चल, आवर. दोन वर्षं विभागाच्या त्या तळघरात डोकं खुपसून बसलो, गाव कुठे बघितलं? आज सगळं बघायचं.”

निघताना ताईने आपला जाड लोकरी कोट छोटीच्या अंगावर टाकला. “घे, तुलाच राहू दे. तुझा पार विरलाय.”

‘नवा घेणार असतील बाईसाहेब,’ छोटीच्या मनात आलं. उतरलेलं देऊन पुण्य मिळवायची ताईची ही सवय तिला कधीच सोसली नव्हती. आज तर कोट अंगाला टोचत होता.

आधी त्या पुलावर गेल्या. मग संग्रहालय. तिथे एका फाटक्या नकाशाची डागडुजी इतकी ओबडधोबड होती की ताईला हसू आवरेना. “कुणी केलंय हे? पोळपाट-लाटणं घेऊन बसला होता की काय!”

छोटीही हसली. मोठ्याने हसली.

दुपारी जेवताना ताई म्हणाली, “एकदा खोलीवर जाऊन येऊ या का?”

“काय ठेवलंय खोलीवर?”

“काही नाही गं. टपाल बघितलं असतं.”

“हावरट कुठली! जागा तुझीच आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. आज माझ्यासोबत फिर. परवापासून कोण कुठे!” आणि छोटीने डोळ्यांत पाणी आणलं. ते आणावं लागलं नाही, आपसूकच आलं.

ताई विरघळली. पुन्हा टपालाचं नाव काढलं नाही.

चारला बाग. साडेचारला मनोऱ्याच्या पायऱ्या. छोटी मुद्दाम दर वळणावर दम खात होती. वर पोचल्या तेव्हा अख्खं गाव खाली पसरलं होतं. विभागाची कौलारू इमारतसुद्धा दिसत होती. छोटीने तिकडे पाठ केली.

खालच्या घड्याळाने पाचाचे टोल दिले. छोटीने एकेक मोजला. पाचवा वाजला आणि सकाळपासून छातीवर बसलेला धोंडा उतरला. तिला एकदम ताईची दया आली. दया करणं आता परवडत होतं.

“ताई, समज, ती जागा तुला नाही मिळाली, तर?”

 ताई तिचा हात घट्ट धरून हसली.

“सकाळपासून तुझा चेहरा बघवत नाही गं. सर म्हणाले होते, कागद हातात पडेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. पण मरू दे. मी नाव मागे घेतलंय, छोटे. मागच्याच आठवड्यात. तुला त्या राक्षसाच्या घरात पाठवून मी इथे सुखाने काम करीन, असं वाटलं तुला?”

छोटीने कोटाच्या कॉलरमध्ये तोंड लपवलं.

“रडू नको, वेडे. नुसतं नाव मागे घेऊन भागत नाही म्हणाले सर. माझा नकार आणि तुझी नेमणूक एकाच कागदावर, दोघींनी समोर बसून सह्या करायच्या. वेळ चुकली तर जागा यादीतल्या तिसरीला, तिथे ते कुणाचं ऐकत नाहीत. पण आपण कशाला चुकवतोय? तारीख, वेळ सगळं पाकिटावर छापलेलं असेल. यादीत पहिली मी, म्हणून नाव तेवढं माझं असेल त्यावर. आज-उद्या येईलच. चल, खाली जाऊन बघू.”