दुसरा ठिपका

“जा आता तूच,” पत्र इवोनासमोर टाकत तिचा सहकारी लुबोमीर म्हणाला. “खेळ तुझा, म्हातारा तुझा.”

पत्रात दोनच ओळी होत्या. ‘बंद करण्याआधी एकदा कोणीतरी घरी या. विषय नाजूक आहे. – वोयतेख हानाक.’

खेळ इवोनाने सात वर्षांपूर्वी केला होता. काळ्या पडद्यावर दोन पांढरे ठिपके. एक आपला, एक कोणा अनोळखी माणसाचा. दिवसातून एकदाच आपला ठिपका दाबायचा; दाबला की समोरच्याच्या पडद्यावर तो लुकलुकतो. एकाने एक दिवस जरी चुकवला, तरी दोन्ही कायमचे विझणार. ना गुण, ना बक्षीस, ना गप्पा. दिवसभर फोनला चिकटलेल्या माणसांना एक स्पर्श पुरतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

नाही पुरला. हजारो जोड्या विझल्या. उरली होती एक, आणि एका जोडीसाठी सर्व्हर चालवायला कंपनी तयार नव्हती. शुक्रवारी सगळं बंद.

“रडवू नकोस हं त्याला,” लुबोमीर म्हणाला. “सांग, आजोबा, नुसता ठिपका होता तो.”

“नुसता नव्हता,” इवोना म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तिने ब्रनोहून सकाळची गाडी पकडली.

• •

म्हाताऱ्याने तिला दारातच पाहुण्यांच्या सपाता दिल्या, कॉफी पुढे ठेवली.

“कंपनीतून आलेय,” ती म्हणाली. वाटेत घोकलेलं वाक्य तिने कसंबसं काढलं. “आजोबा, तुम्हाला किती वाईट वाटत असेल, कळतंय आम्हाला.”

“मला? मला कशाला?” तो हसला. “खेळ यार्मिलाचा, माझ्या बायकोचा. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. मला तर फोनचा वैताग येतो, पोरी. गायनमंडळ आहे, नातवंडं आहेत, मधमाश्या आहेत. वेळ कुणाला आहे?”

“मग दाबत का होता रोज?”

“त्या दुसऱ्यासाठी.” त्याने आवाज खाली आणला. “रोज सकाळी सहाला त्याचा ठिपका लुकलुकतो. नाताळातही सहाला. नववर्षालाही. घरात कुणी असलं, तर माणूस असं करेल का? मी थांबलो असतो, तर त्याचं काय झालं असतं?”

इवोनाने कॉफीचा कप खाली ठेवला.

“म्हणून बोलावलं. त्याला पत्र पाठवू नका. कुणीतरी जा, जवळ बसा, हळू सांगा. आणि हे द्या.” त्याने मधाची बरणी काढली, चिठ्ठी चिकटवली, पेन उघडलं. “नाव माहीत असेल ना तुम्हाला?”

तिने मान हलवली.

“इवोना,” ती म्हणाली.