एकोणतीस नंबरचा हात

बुधवारी दुपारी प्रबोधनं ते चित्रण चौथ्यांदा मागं नेलं आणि बरोबर त्याच जागी थांबवलं. एकोणतीस नंबरच्या खेळाडूचा उजवा हात वर होता. पलीकडे त्याच्याच संघातला चोवीस नंबरवाला त्याच्याकडेच बघत होता, आणि त्याचाही हात वर होता.

प्रबोध खुर्चीत पुढे सरकला.

अमेरिकन फुटबॉलचा हा सामना त्यानं सोमवारी सकाळी, चालू असतानाच बघितला होता. तेव्हा हे हात दिसले नव्हते. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागं धावतो. खेळ सुरू व्हायच्या आधी मागच्या फळीत कोण कुणाला काय खुणावतं, ते चौकटीबाहेरच राहतं. दिसलं ते एवढंच, की विरुद्ध संघाचा एक गडी मोकळाच्या मोकळा पळत गेला, त्यानं चेंडू झेलला आणि गुण घेऊन नाचला. गेला तो एकोणतीसच्या शेजारून. प्रबोधची कंपनी सामने बघून खेळाडूंच्या चुका नोंदवते; सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या तिच्या ऑफिसात अशा वेळी पडद्यावर प्रश्न येतो, 'कव्हरेज कुणाचं चुकलं?', म्हणजे त्या गड्याला रोखायचं काम कुणाचं होतं. खाली बचाव करणाऱ्या अकरा जणांचे नंबर. 'सांगता येत नाही' असं बटण कंपनीनं ठेवलेलंच नाही. प्रबोधनं एकोणतीसवर क्लिक केलं. दुसऱ्या कुठल्याशा शहरात बसून तोच सामना बघणाऱ्या त्याच्या जोडीदारानंही, ज्याच्याशी बोलायची परवानगी नाही, तेच केलं. दोघांचं जुळलं, म्हणजे बरोबर. मंगळवारी संध्याकाळी नोंद लॉक झाली.

आणि बुधवारी, मैदानावरचे सगळे बावीस जण एकदम दिसतील असं उंचावरून घेतलेलं चित्रण आलं. निकाल आधी मागायचा आणि डोळे मागाहून द्यायचे, असा सगळा कारभार.

सिंगापूरला येण्याआधी प्रबोध बावीस वर्षं पुण्यात क्लब क्रिकेटचा स्कोअरर होता. तिथं पंचानं खूण केली, की स्कोअररनं हात वर करायचा. म्हणजे दिसलं, लिहून घेतलं. तो हात दिसेपर्यंत पंच पुढचा चेंडू टाकू देत नाही. वर गेलेल्या हाताला दुसरा हात मिळाला, याचा अर्थ त्याला कुणी शिकवायला नको होता. हा गडी आता तुझा, असं एकोणतीसनं सांगितलं होतं. चोवीसनं, घेतला, म्हटलं होतं. आणि मग चोवीस भलतीकडेच धावला होता.

सकाळीच बातमी आली होती, की एकोणतीसला त्याच्या संघानं काढून टाकलं. का, ते त्यांचं त्यांना माहीत. पण दुसऱ्या संघाला तो घ्यायचा असेल तर सिंगापूरचे दुसऱ्या दिवशी पहाटेचे चार ही शेवटची वेळ होती, आणि घेणारे सगळ्यात आधी प्रबोधच्या कंपनीचा तक्ता उघडतात. त्यात त्याच्या नावापुढे लिहिलं होतं, कव्हरेजच्या चुका पाच. पाचवी प्रबोधची होती.

"ईशा, जरा येतेस?"

शिफ्टची प्रमुख ईशा इथल्याच, सिंगापूरच्या पासिर रिसमध्ये वाढलेली, प्रबोधच्या मुलीच्या वयाची. तिनं उभ्या उभ्याच दोनदा बघितलं.

"हो अंकल. मिस्टेक ट्वेंटी-फोरची आहे. क्लिअर आहे."

"मग बदल ना."

"कॅनॉट लाह. लॉक झालं की मलापण ओपन होत नाही. टीमनं क्वेरी टाकली तरच."

"कुठल्या टीमनं?"

"त्याच्या."

"त्याला टीमच नाहीये आता."

ईशानं खिशातून फोन काढला. मग म्हणाली, "मी वर ईमेल टाकते. पण ते फ्रायडेलाच बघतात."

प्रबोध पुन्हा पडद्याकडे वळला. तिला वाटलं, बिचाऱ्याला स्वतःची काळजी लागलीय.

"अंकल, तुम्ही रूलप्रमाणेच केलंत. दोघांचं मॅच झालंय. तुमच्या रेकॉर्डला काही नाही लागणार, डोन्ट वरी."

ती गेल्यावर त्यानं एकोणतीसवर पुन्हा क्लिक करून बघितलं. मग चोवीसवर. करड्या पडलेल्या चौकोनांना कशाचंच सोयरसुतक नव्हतं. पुण्यात असं झालं, तर षटक संपल्यावर शेजारच्या स्कोअररला विचारायचं, अहो, हे तुम्ही काय लिहिलंत, आणि खोडून टाकायचं. तिथं खोडरबर होतं आणि शेजारी माणूस होता. इथं आपण एका माणसाच्या पोटावर पाय दिला आणि आपल्या रेकॉर्डला ओरखडासुद्धा नाही, याची प्रबोधला मनापासून लाज वाटली. त्यानं त्या खेळाडूचा पत्ता शोधावा, पत्र लिहावं, असाही विचार केला. लिहिणार काय? तुझी पाचवी चूक लिहिणारा मी, मला क्षमा कर?

सहा वाजता लोक बॅगा उचलून एमआरटी मेट्रोकडे निघाले. त्यानं ते चित्रण पुन्हा उघडलं, पुन्हा तिथंच थांबवलं. एवढ्याशा माणसाचा एवढासा हात, अजून वरच.

ईशा दिवे बंद करायला आली तेव्हा प्रबोध पडद्यासमोर ताठ बसला होता. त्याचा उजवा हात सरळ वर होता.

"अंकल? काही हवंय का?"

"नाही," हात खाली न घेता तो म्हणाला. "मला दिसलं, एवढंच त्याला सांगतोय."