आळीबाहेरचा नंबर

नेटवर्क लावणाऱ्या सुबोधची गचांडी धरून फोरमननं त्याला नव्या प्रेसच्या खांबावर आपटलं. खांबावर पूजेचं कुंकू होतं, त्यात आता रक्त मिसळलं. फोरमनच्या धाकट्या भावाचा पंजा प्रेसखाली चिरडला होता. प्रेस तिच्या स्वतःच्या बटणावर सुरू झाली होती; स्क्रीनवरचं ‘थांबा’ सहा वेळा दाबूनही ती थांबली नव्हती.

“काय जोडलंस रे, भडव्या?”

“ऐका तरी, दादा!” सुबोधनं हात आडवा धरला. “या स्क्रीनचं सबनेट म्हणजे एक आळी, मशीनचा आयपी म्हणजे घरनंबर. आळी एकशे सव्वीसला संपते. पुढच्या नंबरच्या मशीनला इथली हाक ऐकूच जात नाही. शेठना सांगितलं होतं मी!” त्यानं खिशातून चिठ्ठी काढली. शेठचंच अक्षर: ‘प्रेसचा आयपी १७१वर संपवा. बेरीज नऊ. शुभ.’

चिठ्ठी वाचून फोरमन पान्हा उचलून शेठच्या केबिनकडे निघाला. सुबोधचा जीव भांड्यात पडला.

दारापाशी फोरमन थबकला, माघारी आला.

“हाक ऐकू जाणार नाही, हे तुला ठाऊक होतं. तरी नंबर टाकला कुणी?”

“मी.”

पान्हा वर गेला. या वेळी सुबोधनं हात आडवा धरला नाही.