इतर क्रमांक चार

राष्ट्रीय आरोग्य धोरणाच्या मसुद्यावर सूचना घ्यायला पुण्यात बैठक भरली होती. डॉक्टरांपुढे त्यांच्या नावाच्या पाट्या होत्या. स्पीच थेरपिस्ट तनया केंजळेच्या पुढ्यातल्या पाटीवर ‘इतर – ४’ असं छापलं होतं. तिची मागणी साधी होती. फिजिओथेरपिस्ट, लॅब टेक्निशियन, एक्स-रे काढणारे, आम्ही, सगळ्यांचा धोरणात नावानिशी उल्लेख हवा. ‘इतर’मध्ये कोंबू नका.

अध्यक्ष डॉ. शरच्चंद्र गोळे यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग प्रत्येक शब्दाला टेबलावर बोट आपटत ते म्हणाले, “रुग्णाला बरा करतो तो डॉक्टर. बाकीची मंडळी हाताखालची असतात, आणि हाताखालच्या प्रत्येकाचं नाव घालत बसलो तर धोरणाची टेलिफोन डिरेक्टरी होईल.”

सभागृह हसलं. त्या बोटाचा दराराच असा, की लगेच पुढचा मुद्दा चर्चेला घेतला गेला.

चहाच्या वेळी गोळ्यांनी तनयाला कोपऱ्यात गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “मॅडम, खरं सांगा. कुठे अडखळलो का?”

“एकदाही नाही, सर. स्ट्रोकनंतर एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच सलग बोललात. बोटाचा ठेकाही मी शिकवला तसाच धरलात.” तिने बिस्किट चहात बुडवलं. “उच्चारांचं काम झालं. उद्या नेहमीच्या वेळी या. आता काय बोलायचं, ते बघू.”