चालू कारखान्यांची यादी

“वाफेच्या दाबाचा काटा लालावर आलाय, बाई. वाकून बघा,” बॉयलरवाला म्हणाला.

पाहणीवाल्या बाई वाकल्या नाहीत. उभ्या होत्या तिथूनही दिसत होतं. पाठीवरून घाम ओघळला. तो उकाड्याचा, असं त्यांनी ठरवून टाकलं.

“मालक म्हणतात, काटा बिघडलाय.”

“मालक म्हणतात ना. मालक इथं उभे राहत नाहीत.”

तीन वर्षांपूर्वी सरकारनं बॉयलरची सरकारी तपासणी बंद केली. मालकानंच लिहून द्यायचं, आमचा बॉयलर सुरक्षित आहे. याला सुधारणा म्हणायचं. तिचा लाभ किती नि तोटा किती, ते बाई मोजत होत्या. लाभाचा रकाना भरून वाहत होता: दिवस वाचले, हेलपाटे वाचले, फी वाचली. स्फोटांच्या रकान्यात सगळीकडे शून्य.

“इतके कारखाने फिरले, काका. एकातही स्फोट नाही. उगाच जिवाला घोर लावून घेताय.”

हे त्या स्वतःलाच सांगत होत्या.

बॉयलरच्या पोटात घरघर झाली. नळ्या थरथरल्या. जादा वाफ सोडणाऱ्या झडपेला तारेनं लोखंडी वजन आवळलेलं होतं.

“हे कुणी बांधलं?”

“ज्यांनी सुरक्षित म्हणून सही ठोकली त्यांनी. वाफ वाया जाते म्हणे.”

“मग सोडा ना ते.”

“ते सोडलं की मालक मला सोडतात. तुम्ही कागदावर ‘धोका’ एवढंच लिहा, मग बंद करायला मी मोकळा. भिंतीपलीकडे चाळीस बायका कापड रंगवतात. माझी सूनही त्यांत आहे.”

बाईंचं पेन थांबलं. अहवाल संध्याकाळी द्यायचा होता. शून्याला धक्का लावू नका, असं साहेबांनी बजावलं होतं. बाईंची नोकरी अकरा महिन्यांची, आणि हा अकरावा.

“काम कुणाकडे शिकलात?” त्यांनी विषय बदलला.

“थोरल्या भावाकडे. शेजारच्याच कारखान्यात असायचा.”

“रिटायर झाले?”

“तसंच समजा.”

खिडकीतून शेजारची काळवंडलेली भिंत दिसत होती. वर छप्पर नव्हतं. पाडकाम निघालं असावं.

बाईंनी शून्य लिहिलं. ते वाकडं आलं.

बॉयलरवाला कागदात डोकावला. “चालू कारखान्यांची यादी. मालक चालू आहेत, एवढं खरं. आमचा प्लॉट एकोणीस नंबरचा ना?”

“हो.”

“सतरानंतर एकदम एकोणीस? शेजारचा अठरा कुठाय?”

“तो बंद पडला. बंद पडलेले कारखाने आम्ही धरत नाही.”

काटा लाल पट्टी ओलांडून शेवटच्या खुंटीला टेकला. बॉयलरवाल्यानं पक्कड उचलली आणि तारेला हात घातला.

“पळा, बाई. आधी पलीकडच्या बायकांना बाहेर काढा,” तो म्हणाला. “आणि एकोणीस खोडून टाका. अठराही असाच बंद पडला.”