मानाचं रूप

"बाई, ही भाषा आहे की घशात अडकलेला काटा?" फोनवरच्या काकू म्हणाल्या.

स्वागतताई हसल्या. चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. एका हातात भिंगं पुसायचं फडकं होतं, आणि काउंटरवर फोन स्पीकरवर ठेवलेला. दीपगृहावरच्या एका वेल्श मालिकेच्या चाहत्यांचा हा ग्रुप. मालिका पाहता पाहता वेल्श भाषा शिकायची, हा सगळ्यांचा छंद. नवं माणूस आलं की सगळ्यांनी 'क्रोइसो' लिहायचं, म्हणजे या, बसा. आणि पहिला धडा ताईंनी फोनवर द्यायचा, म्हणूनच ग्रुपवर त्यांचं नाव स्वागतताई.

"एक शब्द मात्र विसरणार नाही," काकू म्हणाल्या. "'आहे'ला 'माय' म्हणतात. काय गोड लोक हो! माय म्हणजे आहे."

"पहिल्याच दिवशी पाठ?"

"धडा वाचून बसलेय. चाळीस वर्षं वॉर्डात नर्स होते. केसपेपर वाचल्याशिवाय पेशंटला हात लावत नाही मी." मग म्हणाल्या, "मी चिमणीची आई."

फडकं भिंगावरच थांबलं.

चिमणी हे ग्रुपवरचं नाव. चार महिन्यांपूर्वी ती आजारात गेली, तसं तिच्या मैत्रिणीने कळवलं होतं. पण त्याच्याही आधी, तीन वर्षांपूर्वी, चिमणीनेच वेल्शमध्ये लिहिलं होतं, माझी आई गेली. सगळ्या ग्रुपने तिचं सांत्वन केलं होतं. तेव्हापासून सकाळच्या प्रार्थनेत गेलेल्या माणसांची नावं घेताना स्वागतताई 'चिमणीची आई' म्हणत आल्या होत्या. आज सकाळीही म्हटलं होतं.

"ऐकताय ना?"

"ऐकतेय, काकू."

"आठ वर्षं माझ्याशी बोलली नाही. माझी जीभच तशी, कात्रीसारखी. दवाखान्यातसुद्धा, आईला कळवू नका म्हणाली म्हणे. माझ्या लेकीची नाडी परक्या बायकांनी पाहिली." काकू पुढे म्हणाल्या, "तिच्या फोनवर हा ग्रुप सापडला. त्यावर तिने लिहिलेलं जुनं सगळं वाचतेय. 'माम' म्हणजे आई, एवढं कळलं. किती लिहिलंय हो माझ्याबद्दल! पण 'माय माम' कुठेच नाही. जिथे बघावं तिथे 'रोइद माम'. रोइद म्हणजे काय? शिवी असली तरी सांगा. वॉर्डात सगळं ऐकलंय."

स्वागतताईंना ती वाक्यं आठवत होती. आई काम करताना गुणगुणत होती. आईचे हात गार होते, कपाळावर ठेवले की ताप उतरायचा. रोइद म्हणजे होती.

खोटं बोलायचं नाही, एवढं एक त्यांनी लहानपणापासून सांभाळलं होतं. त्यांनी फडक्याची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"रोइद म्हणजेही 'आहे'च, काकू. मानाचं रूप. आपण नाही का मोठ्या माणसांना 'आहेत' म्हणत?"

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"मला? मान? तोंडावर तर जेलर म्हणायची."

"मनात असेल ना."

"असेल हो. असेल." काकू एकदम घाईला आल्या. "थांबा, माझी ओळख लिहिते. 'मला मुलगी आहे', हे आहे ना धड्यात? पण 'माय' नको. मीही रोइदच लिहिते. गेलेल्या माणसाबद्दल मानानं बोलावं. आणि गेली म्हणून काय झालं? मुलगी आहेच की मला."

"काकू, आज राहू दे. उद्या आपण—"

"पाठवलं."

फोनच्या पडद्यावर उमटलं: रोइद गेन ई वेर्ख.

मला मुलगी होती.

"बरोबर आलं का हो?"

"बिनचूक," स्वागतताई म्हणाल्या. ते तरी खरं होतं.

क्रोइसो, क्रोइसो अशी रांग लागली. फुलं आली, हात जोडलेले आले. त्यांच्या पाठोपाठ मास्तरांचा मराठीतला संदेश आला. ग्रुपवर सगळ्यांच्या चुका काढायचे ते, कौतुक वर्षातून एकदा. स्वागतताईंनी तो आधी पाहिला, पण दुसऱ्याचा संदेश पुसणं त्यांच्या हातात नव्हतं. पलीकडे काकू एकेक शब्द लावत मोठ्याने वाचू लागल्या होत्या.

"शाबास, काकू. पहिल्याच दिवशी... भूतकाळ. आणि एकही... चूक नाही."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता. 

"भूतकाळ," काकू म्हणाल्या. मग अगदी हळू, "रोइद माम."

"काकू, मी तुम्हाला—"

"असू दे." काकूंचा आवाज सपाट झाला होता, ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देतात तसा. "तिने लिहिलं असेल ना, ताई? मी कशानं गेले?"