नव्या नावाची हाक

राणीसाहेबांचा प्राण पहाटे गेला आणि दुपारच्या आत सम्राटांकडून मान आला. उभा जन्म मागच्या महालात काढला तेव्हा कुणी फिरकलं नाही. आता मात्र थेट पट्टराणीच्या खालोखालचं पद, नवा जरीचा झगा आणि नवं नाव: च्यिंगश्यान. म्हणजे शांत आणि गुणी.

"शांत म्हणे!" अंगणात उभी फांगमावशी पुटपुटली. माहेराहून सोबत आलेली ही एकच दासी. "बडबडून माझं डोकं उठवायची. दुसरं ऐकायला होतं तरी कोण!"

महालाचा म्हातारा खोजा तुंगबाबा शिडीवरून छपरावर चढला. गेलेल्या माणसाचं वस्त्र हलवत, उत्तरेकडे तोंड करून तीनदा नावानं हाक मारायची. जीव ऐकतो आणि परततो. नाही ऐकलं, तर भटकत राहतो.

बाबानं नवा झगा हलवला. "च्यिंगश्यान राणीसाहेब, परत याऽ!"

मावशीला वाटलं, हा झगा राणीच्या अंगाला कधी लागला नव्हता. हे नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती वळेल कशी? सम्राटांनी धाडलेली पालखी दारावरून गेली, की "दुसरीला न्यायला आली असेल" म्हणून ती आतच बसायची. आजही तसंच समजून निघून जाईल बिचारी.

तिचं खरं नाव लायती, म्हणजे 'ये रे भावा'. मुलींवर मुली झाल्या म्हणून आईबापांनी ठेवलेलं. नावातसुद्धा बोलावणं दुसऱ्यालाच होतं. आणि आता ती एवढी मोठी झाली होती, की ते नाव कुणी उच्चारलं तर जीभ छाटली जाईल.

तिसरी हाक देऊन बाबा झग्याची घडी घालू लागला. मावशीनं काखेतलं राणीचं जुनं ठिगळाचं जाकीट काढलं आणि उत्तरेकडे धरलं.

"लायतीऽ! घरी ये गं!"

फाटकाशी मानपत्र घेऊन आलेला अधिकारी गर्रकन वळला. "कुणाला हाक मारलीस?"



"मांजराला, साहेब," छपरावरून तुंगबाबा म्हणाला. "सकाळपासून सापडत नाहीये." मग तो मावशीवर खेकसला, "अगं, एका हाकेत मांजर येतं का कुठं? तीनदा मार!"